खिडकीकडची कॉट

दवाखान्यात आमचा नंबर यायला वेळ होता आणि भिंतीवरून खाली उतरलेला मनीप्लांट ढब्बूच्या हाताशी होता. ढब्बू म्हणजे माझी लेक. गाल बघून तिच्या बाबाने हे नाव ठेवलं आणि खरं नाव लसीच्या कार्डावरच राहिलं. तिने वेल ओढला, फांदी कटकन तुटली. काउंटरवरच्या बाईंनी चष्म्यावरून असं पाहिलं, की मी ती फांदी घाईघाईने डायपरच्या पिशवीत कोंबली.

घरी येईपर्यंत फांदीने मान टाकली होती. जिन्याखाली बाबागाडीची घडी घालता घालता मी ती फेकायला बाहेर काढली, तेवढ्यात तळमजल्याच्या खिडकीतून आवाज आला.

“काय आहे ते? दाखव.”

‘दाखव’ असं काही म्हणाल्या, की मी फांदीऐवजी जीभच दाखवणार होते.

त्या सिस्टर. आख्खी इमारत त्यांना सिस्टरच म्हणते. बाळंतिणींच्या वॉर्डात त्यांनी नोकरी काढली, आता निवृत्त झाल्यात, एकट्या राहतात, आणि गुडघ्यांमुळे फारशा बाहेर पडत नाहीत. एवढं मला ऐकून माहीत होतं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायला येऊन बरेच महिने झाले होते, पण मान हलवण्यापलीकडे आमचं काही झालं नव्हतं.

“आत ये. दार लोट, मांजर शिरतं.”

खोलीत उजेडाची जागा एकच, खिडकीखालची, आणि तिथे काचेची टाकी होती. चांगले पोसलेले पाच गोल्डफिश तोंड उघडत-मिटत फिरत होते. पण मासे मला नंतर दिसले. आधी दिसली ती झाडं. टाकीच्या काठावर प्लास्टिकचे लहान लहान पेले गॉजच्या पट्टीने बांधून ओळीने टांगलेले. पेल्यांना बुडाशी भोकं. प्रत्येकात एक फांदी, पानं वर, देठ पाण्यात, आणि खाली पांढरी मुळं माशांच्या पाठीवर लोंबत होती. पेल्यांवर चिकटपट्टीचे तुकडे लावून त्यावर पेनाने आकडे घातलेले.

“हा वॉर्ड,” सिस्टर म्हणाल्या. “दे पेशंट इकडे.”

त्यांनी फांदी उजेडात धरली, अंगठ्याने देठ चाचपला आणि खालचं एक पान काढून टाकलं. “पान बुडालं की सडतं. डोकं वर, पाय पाण्यात. ही गाठ दिसते? इथून फुटेल.”

“खत वगैरे घालायचं का?”

“माशांची घाण हेच यांचं सलाइन. म्हणून तर टाकी फार घासत नाही मी. पाणी आरशासारखं स्वच्छ केलं की ही सगळी उपाशी.” फांदी शेवटच्या पेल्यात गेली. “कॉट नंबर पाच. खिडकीकडची. मुळं धरली की डिस्चार्ज. आठ दिवसांनी दाखवायला ये.”

“पण पेशंट तर इथेच आहे.”

“पेशंट इथेच आहे. तू ये.” मग माझ्याकडे नीट बघत म्हणाल्या, “आणि एवढं हळू काय बोलतेस? घसा बसलाय?”

घसा बसला नव्हता. मी हळूच बोलायची, कारण आमच्या घरी दिवसा रात्र असते. नवरा शीतगृहात रात्रपाळीला आहे. सकाळी येतो तेव्हा त्याच्या जाकिटाला गारठ्याचा वास येतो, ढब्बूच्या टाळूवर तो थंड नाक टेकवतो, ती दचकते, तो हसतो, आणि मग पडदे ओढून झोपतो. संध्याकाळी उठतो, जेवतो, जातो. घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. त्यामुळे दिवसभर मी भांडी फडक्यावर ठेवते, नळ बारीक सोडते, बोलायचं ते कुजबुजते. तो वाईट नाही. तो झोपलेला असतो, एवढंच. कधीकधी मी दारात उभी राहून त्याच्या पाठीकडे बघते आणि मनातल्या मनात त्याला सगळं सांगते, की आज हिला दात आला, आज समोरच्या दुकानाचं शटर अडकलं होतं. तो कूस बदलतो. मी ते ‘हं’ समजते.

लेक आमच्या घरात पहिली गोष्ट शिकली ती ओठांवर बोट ठेवायची. हाक मारायच्या, टाळ्या वाजवायच्या आधी.

आठ दिवसांनी मी खाली गेले. सिस्टरनी पेला वर उचलून दाखवला. देठ होता तसाच. गाठीपाशी किंचित काही तरी पांढरं टोक, एवढंच.

“अजून नाही धरली,” त्या म्हणाल्या.

तेव्हा मला बरं वाटलं. कशाबद्दल बरं वाटतंय हे जिना चढताना कळलं. मला पुन्हा जाता येणार होतं. कुणाच्या दारात नुसतं जाऊन उभं राहायला मला कधीच जमलं नाही. हातात काहीतरी लागतं, परत करायचा डबा, मागायची लिंबाची फोड. बाळ झाल्यावर तर लोक बाळाला बघून एकदा दार उघडतात. दुसऱ्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर ‘आता काय?’ असतं. इथे मात्र माझा पेशंट होता. मला जायचा हक्क होता.

मग आठ दिवसांचे चार झाले आणि चाराचे रोज. नवरा झोपला की मी ढब्बूला काखेत मारून तीन मजले उतरायची. सिस्टर चहा टाकायच्या. ढब्बूचं कौतुक वगैरे त्या करत नसत. पहिल्यांदा घेतलं तेव्हा बटाटे तोलावेत तसं तिला हातावर तोललं आणि म्हणाल्या, “ठीक आहे.” पण टाकीसमोर सतरंजी घातलेली असायची, आणि पहिल्या आठवड्यात त्या सतरंजीवर नसलेली उशीही नंतर आली.

एकदा मासा काचेपाशी आला आणि ढब्बू जोरात किंचाळली, खुशीने. किंचाळली आणि लगेच माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

सिस्टर बघत राहिल्या. “बोलायच्या आधी गप्प बसायला शिकवलंस होय लेकीला.”

मला राग यायला हवा होता. रडू आलं. त्यांनी माझ्यासमोर बशीत अजून एक बिस्कीट ठेवलं आणि टीव्हीचा आवाज थोडा वाढवला, म्हणजे मला रडता यावं म्हणून.

बाकीचे पेशंट भराभर बरे होत होते. गीझर दुरुस्त करणाऱ्याची दोन नंबरची फांदी बोटभर मुळं सोडून गेली. घरमालकिणीची तीन नंबरची गेली. कॉट रिकामी झाली की सिस्टर आपल्याच कुंडीतली एखादी फांदी तिथे लावायच्या. गीझरवाला मग एकदा खिडकीवरून गाडीवर जाताना ओरडला, “सिस्टर, झाड एकदम झकास!” आणि गाडी न थांबवता गेला.

“येईल कधीतरी सवडीने,” मी म्हणाले.

“छे. बरं झालेलं माणूस दाखवायला येत नाही. वॉर्डातही तसंच. घरी जाताना बायका गळ्यात पडायच्या, म्हणायच्या, सिस्टर, बाळाला घेऊन येते हं. आणि मग बाजारात दिसल्या तर ओळखायच्यासुद्धा नाहीत. युनिफॉर्म नसला की आमचा चेहरा कुणाला आठवत नाही.” हे त्या हसत म्हणाल्या, पेल्याची पट्टी घट्ट करता करता.

“माझीच का धरत नाही पण मुळं?”

“मासे खातात.”

“मग बाकीच्यांची कशी नाही खात?”

“तुझीची गोड असतील.”

मी विश्वास ठेवला. खरं तर मला वाटत होतं, माझ्याच हाताला गुण नाही. या गावात मी जे लावते ते असं अर्धवट लोंबतच राहतं. फांदी मरत नव्हती, हे विशेष. पानं हिरवीगार, वर एक नवी गुंडाळीही उलगडली. नुसते पाय फुटत नव्हते.

एक दिवस ढब्बूने स्वतःच्याच गालावर नखांनी ओरबाडलं. तिची नखं कापायची मला फार भीती वाटते. ती हात खेचते आणि माझा हात थरथरतो. मी तिला तशीच खाली घेऊन गेले.

“आण इकडे,” सिस्टर म्हणाल्या. उजेडासाठी त्या टाकीजवळच्या स्टुलावर बसल्या, ढब्बूला मांडीवर घेतलं, तिचा हात आपल्या मुठीत असा धरला की बोटं आपोआप बाहेर आली. खणातून बारीक वाकड्या पात्याची कात्री काढली. मला वाटीत गरम पाणी आणायला सांगितलं, त्यात कात्री बुडवली, आणि पाणी निथळावं म्हणून टाकीच्या काठावर दोनदा वाजवली. टक, टक.

पाचही मासे वळले. टाकीच्या पार दुसऱ्या टोकाला होते ते सरळ खिडकीच्या कोपऱ्यात आले आणि माझ्या फांदीच्या पेल्याखाली तोंडं वर करून, उघडून, वाट बघत थांबले.

मी हसले. “अगं बाई. यांना नखं आवडतात की काय?”

सिस्टर हसल्या नाहीत. त्यांची कात्री हवेत थांबली होती.

मग मी पेल्याकडे पाहिलं. इतके दिवस त्या उचलून दाखवायच्या तेवढंच मी बघायची. आता वाकून बघितलं. गाठीपाशी पांढरी टोकं होती, चांगली पाच-सहा, आणि सगळी एका उंचीची. कुरतडलेलं असं दिसत नाही. न्हाव्याने कल्ले सारखे करावेत तशी ती नीट होती. खाली मासे तोंड उघडून उभे, रोजच्या खाऊची वाट बघत.

मला कळलं. आणि मला कळलं हे त्यांना कळलं.  त्यांनी ढब्बूची दहाच्या दहा नखं कापली, एकही थेंब रक्त न येता, आणि नखांचे कपटे तळहातावर गोळा करून कागदात बांधले.

“ही कात्री घेऊन जा,” माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या. “टोक बोथट आहे, लागत नाही. आंघोळीनंतर कापायची, नखं मऊ असतात.” मग दारापर्यंत आल्या. “मला जरा बरं वाटत नाहीये. उद्या येऊ नकोस.”

मी काहीतरी बोलायला हवं होतं. माझ्या घरात इतकं गप्प राहून राहून ऐन वेळी माझ्या तोंडून शब्दच निघत नाही आता. मी मान हलवली आणि वर आले.

दुसऱ्या दिवशी गेले नाही. त्यानंतर रोज बाबागाडी काढताना खिडकीकडे बघायची. पडदा ओढलेला. त्यामागे टाकीचा दिवा लागलेला दिसायचा, पिवळट, आणि पडद्यावर फांद्यांच्या सावल्या. माझी कुठली ते ओळखता येत नव्हतं. दोनदा घंटीकडे हात गेला. पण जाऊन म्हणायचं काय? फांदी कशी आहे? ते तर विचारायची सोय राहिली नव्हती. आणि दुसरं काही विचारायला आम्ही शिकलोच नव्हतो.

ते दिवस फार मोठे होते. ढब्बूला घेऊन मी स्वयंपाकघरात लादीवर बसायची. तिच्यापुढे डबे मांडायची, ती ते पाडायला लागली की आवाज व्हायच्या आत झेलायची. चुकून एखादा पडला तर आतून नवऱ्याचा आवाज यायचा, “काय झालं?” आणि मी कुजबुजायची, “काही नाही, झोप.” दिवसभरात मी बोललेले शब्द एवढेच. बाजारात भाजीवाल्याने विचारलं, “अजून काही?” तर मला त्याच्याशी थोडं जास्त बोलावंसं वाटलं, म्हणून मी उगीच कोथिंबीर घेतली. घरी होती कोथिंबीर.

मग एका संध्याकाळी नवरा कामावर निघाला आणि दारातच थबकला.

“हे काय? कुणी ठेवलंय?”

उंबऱ्यापाशी काचेची बरणी होती. बरणीत टाकीचं ते जरासं गढूळ पाणी आणि माझी फांदी. मुळं भरपूर, लांब, पांढरी, एकमेकांत गुंतून बरणीच्या बुडाशी वळलेली. बरणीवर चिकटपट्टी, तिच्यावर त्याच पेनाने लिहिलेलं: ‘डिस्चार्ज’.

तीन मजले. त्या गुडघ्यांनी. आणि घंटी वाजवली नाही.

“अरे वा, झाली की बरी,” नवरा म्हणाला. त्याला सगळं ठाऊक होतं असं नाही, पण फांदी खाली ॲडमिट आहे एवढं मी त्याला कधीतरी जेवताना सांगितलं होतं. “चला, सुटलीस. आता रोज खाली-वर नको करायला.”

“हो.”

“काय गं, तोंड का उतरलं? झाड तर छान आहे.”

“छानच आहे. जा तू, उशीर होईल.”

त्याने माझ्या गालाला हात लावला, बरणी उचलून आत ठेवली आणि गेला. जिन्यावरून त्याची पावलं खाली जाईपर्यंत मी दारात उभी होते. तळमजल्यावर एखादं दार उघडतं का ते ऐकत.

फांदी ओट्याच्या कोपऱ्यात वाढायला लागली. वाढणारच. सिस्टरचं काम होतं ते. नवीन पान आलं, इतकं चकचकीत की ढब्बूला चाटावंसं वाटायचं, म्हणून मी बरणी वर ठेवली. घरात येणारं-जाणारं कुणी नव्हतं, नाहीतर म्हटलं असतं की किती छान वाढलंय. मी मात्र तिच्याकडे बघितलं की मला गीझरवाला आठवायचा. गाडी न थांबवता, झाड एकदम झकास. मीही आता तीच. बरी होऊन घरी गेलेली.

आणि त्या? त्यांनी तर लपवून, चोरून का होईना, मला ठेवून घेतलं होतं. दर खेपेला माझी मुळं कापून माझ्यासाठी दार उघडं ठेवलं होतं. आजवर कुणी माझ्यासाठी एवढा खटाटोप केला नव्हता. आणि मी हसले होते, आणि मग हसायची थांबले होते. ते थांबणंच त्यांना लागलं असणार.

एक दिवस ढब्बूची आंघोळ झाली, नखं मऊ होती, म्हणून मी बोथट टोकाची कात्री काढली. एका हाताची पाच कापून झाली. हात थरथरला नाही. कात्री धुतली, आणि निथळायला ओट्याच्या कडेवर वाजवली. टक, टक. काहीच झालं नाही. बरणीत मासे थोडेच होते.

मग मी फांदी बाहेर काढली. मुळं थंड होती, ओल्या दोऱ्यांसारखी, बोटांना चिकटत होती. इतकी वाढलेली वस्तू कापायची म्हणून एकदा परत बरणीत बुडवली, पुन्हा काढली. कापली. आतल्या खोलीत नवरा घोरत होता. मुळांचा झुबका मी कागदात बांधून कचऱ्यात टाकला, फांदी पेल्यात घातली, कात्री खिशात टाकली, ढब्बूला काखेत मारलं आणि तीन मजले उतरले. या वेळी घंटीकडे गेलेला हात मागे घेतला नाही.

बराच वेळ कुणी आलं नाही. मग कडी निघाली. सिस्टर गाउनमध्ये होत्या, केसही नीट बांधलेले नव्हते. त्यांना असं मी कधी पाहिलं नव्हतं.

“काय झालं?” पहिली नजर त्यांनी ढब्बूवर टाकली. ताप आहे का, अंगावर पुरळ आहे का, सगळं एका नजरेत बघून घेतलं.

“ती बरी आहे. ही नाही.” मी पेला पुढे केला. “परत गेली मुळं.”

“कशानं?”

मी उत्तर तयार करूनच आले होते. “माशांनी.”

“तुझ्याकडे मासे कुठले?”

 ढब्बूने माझ्या कानातलं ओढलं. सिस्टरनी पेला घेतला, चष्मा लावला आणि खिडकीपाशी जाऊन पडदा बाजूला केला. टाकीच्या काठावर चार पेले होते. पाचव्याची जागा रिकामी होती. पेल्यावरचा आकडा लिहिलेला चिकटपट्टीचा तुकडा काचेवर चिकटवून ठेवलेला. तिथे त्यांनी आपल्या कुंडीतली फांदी लावली नव्हती.

त्यांनी माझी फांदी उजेडात धरून फिरवली. किती तरी वेळ. मला वाटलं, परत देतील.

“तिरकी कापलीस,” त्या शेवटी म्हणाल्या. “आणि इथे बघ, गाठीला कात्री लागलीय. मुळं कापायची, गाठ नाही. गाठ गेली की परत फुटत नाही. आणि बोटाच्या पेराएवढं सोडायचं खाली, अगदी चाटून पुसून नाही कापायचं.”

“बरं.”

“दुसरी गाठ धड आहे. म्हणून वाचेल.”

“ठेवून घ्याल?”

त्यांनी फांदी पेल्यात घातली. पेल्याला गॉजची नवी पट्टी बांधली, तो खिडकीच्या कोपऱ्यात टांगला आणि काठावर दोन बोटांनी दाबून बघितला. मासे आले, तोंडं वर करून उभे राहिले. ढब्बू किंचाळली, आणि सवयीने माझ्याकडे बघत बोट ओठांकडे नेलं. सिस्टरनी ते बोट मधल्यामध्ये धरलं.

“हिच्या एकाच हाताची नखं कापलीत,” त्या म्हणाल्या.

“राहिली. घाईत होते.”

“बस.” त्यांनी कात्रीसाठी हात पुढे केला, आणि मी दिली. “आणि आठ दिवसांनी वगैरे चालणार नाही या खेपेला. केस गंभीर आहे. रोज यावं लागेल.”

चहा झाला. नखं झाली. ढब्बू माशांवर ओरडत होती आणि कुणी तिला गप्प करत नव्हतं. निघताना सिस्टरनी माझ्या हातात काही दिलं नाही, पुन्हा ये असंही म्हणाल्या नाहीत. कडी मात्र लावल्याचा आवाज आला नाही.

वर जाताना पहिल्या मजल्यापर्यंत मी ढब्बूशी मोठमोठ्याने बोलत होते, मासे कसे आले, तोंड कसं केलं. दुसऱ्या मजल्यावर माझा आवाज आपोआप खाली आला. तिसऱ्यावर पोचलो तेव्हा ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून, ओठांवर बोट ठेवून, दार उघडायची वाट बघत होती.